इंग्रजीतले जवळजवळच्या अर्थाचे शब्द : फरक पाळायलाच हवा का?

शब्दवेल्हाळ

'हॅझर्ड' आणि 'रिस्क' हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. कुणी हटकलं की "अर्थ पोचला ना, मग झालं" हे उत्तर ठरलेलं. मला ते अजिबात पटत नाही.

ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस 'गट १' मध्ये टाकलं. तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉसही त्याच गटात. लगेच मथळे झळकले की सॉसेज सिगारेटइतकंच घातक. पण हे गट हॅझर्डचे आहेत. अमुक गोष्टीने कर्करोग होऊ शकतो याचा पुरावा किती भक्कम आहे, एवढंच ते सांगतात. किती सेवनाने शक्यता किती वाढते, ती रिस्क. तीही तेव्हाच जाहीर झाली होती : रोजच्या ५० ग्रॅममागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता सुमारे १८ टक्क्यांनी वाढते. धूम्रपानाने फुफ्फुसाच्या कर्करोगाची शक्यता कित्येक पटींनी वाढते. टक्के कुठे आणि पटी कुठे!

संस्थेला खुलासा करावा लागला, पण तोवर लोक घाबरून मोकळे झाले होते. म्हणून असे फरक शिकवताना हयगय नको, असं माझं ठाम मत आहे.

काळाखडू

असहमत. उदाहरण बिनतोड आहे, पण त्यावरून सगळेच फरक पवित्र ठरत नाहीत. शिकवताना भर कशावर असतो? 'लेस' आणि 'फ्यूअर'वर. मोजता येणाऱ्या गोष्टींना फ्यूअर, न मोजता येणाऱ्यांना लेस. हा नियम आला कुठून? १७७० साली इंग्रजी भाषेवर पुस्तक लिहिणाऱ्या रॉबर्ट बेकर यांनी लिहिलं की संख्येबाबत 'फ्यूअर' अधिक बरा वाटतो. त्यांची वैयक्तिक आवड, तीही 'मला वाटतं' अशा सुरात. पुढच्यांनी तिचा कायदा केला. मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी 'लेस' नवव्या शतकात इंग्लंडमधल्या राजा आल्फ्रेडच्या लेखनातही सापडतो. एवढ्यावरून मुलांचे गुण कापणं हा अन्याय आहे, आणि त्याने भाषेची भीती तेवढी बसते.

मापतोल

धागाकर्त्यांशी सहमत. माझं काम मोजमापाचं, त्यामुळे 'अ‍ॅक्युरसी' आणि 'प्रिसिजन' यांच्याशी रोज गाठ पडते. ६० किलोचं प्रमाणित वजन काट्यावर ठेवलं आणि तो ६२.४१, ६२.४२, ६२.४१ दाखवू लागला, तर वाचनं एकमेकांशी जुळतात म्हणून तो प्रिसाइज आहे, पण खऱ्या वजनापासून दूर म्हणून अ‍ॅक्युरेट नाही. दुसरा काटा ५९.२, ६०.९, ५९.९ दाखवतो. त्याची सरासरी बरोबर ६०, पण एका वाचनावर भरवसा ठेवता येत नाही. पहिल्याला नवं अंशांकन (कॅलिब्रेशन) लागतं. दुसऱ्यात बिघाड शोधावा लागतो. दोघांनाही 'इनअ‍ॅक्युरेट' म्हणून कागद पुढे सरकवला, तर दुरुस्ती करणाऱ्याने काय करायचं?

काळाखडू

@मापतोल, तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने आहे. आयएसओ ५७२५ या मानकात 'अ‍ॅक्युरसी'मध्ये खऱ्या किमतीशी जवळीक आणि प्रिसिजन या दोन्ही गोष्टी धरल्या आहेत, आणि सरासरी खऱ्या किमतीच्या किती जवळ आहे यासाठी 'ट्रूनेस' हा वेगळा शब्द आहे. म्हणजे तज्ज्ञांनासुद्धा नेहमीच्या अर्थावर विसंबून राहता आलं नाही, व्याख्या लिहावी लागली. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांनीही १९९७ मध्ये आरएफसी २११९ हा दस्तऐवज काढून 'मस्ट', 'शुड', 'मे' यांचे अर्थ बांधून दिले. जिथे फरकावर काही अवलंबून असतं, तिथे लोक व्याख्या करतात. बाकी ठिकाणी संदर्भ पुरतो.

मापतोल

ट्रूनेसचा मुद्दा मान्य. पण व्याख्या हातात असते ती मानक वाचणाऱ्याच्या. मांसाची बातमी वाचणाऱ्यापुढे कुठली व्याख्या होती?

उंबरठा

दोघांच्याही ध्यानात न आलेली एक बाजू. काही जोड्यांत फरक नसतोच, आणि तो आहे असं वाटणं जिवावर बेतू शकतं. 'फ्लेमेबल' आणि 'इनफ्लेमेबल' दोन्हींचा अर्थ ज्वलनशील. 'इनफ्लेमेबल'मधला 'इन' नकाराचा नाही, पण तसा समज सहज होतो. म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२०च्या दशकात 'फ्लेमेबल' वापरा असा आग्रह धरला. तेव्हा कुठल्या जोडीत फरक नाही, हेही तितक्याच कळकळीने शिकवायला हवं.

शब्दवेल्हाळ

@उंबरठा, ही भर फार मोलाची. @काळाखडू, 'लेस-फ्यूअर' सोडून द्यायला माझी हरकत नाही, कारण त्याने कुणाचा गैरसमज होत नाही. पण 'डिसइंटरेस्टेड' आणि 'अनइंटरेस्टेड'चं काय? पहिला म्हणजे ज्याचा स्वतःचा स्वार्थ गुंतलेला नाही असा, दुसरा म्हणजे ज्याला रस नाही असा. न्यायाधीश पहिल्या प्रकारचा हवा, दुसऱ्या प्रकारचा नको.

काळाखडू

ही जोडीही तुम्ही समजता तितकी जुनी नाही. सतराव्या शतकात 'डिसइंटरेस्टेड'चा अर्थ रस नसलेला असाही होता, आणि 'अनइंटरेस्टेड' निःपक्ष या अर्थी वापरात होता. अर्थांची अदलाबदल झाली, तरी भाषा कोसळली नाही. आज गोंधळाची शंका वाटत असेल तर सरळ 'इम्पार्शल' लिहा. वाद मिटला.

शब्दवेल्हाळ

मिटत नाही, कारण 'इम्पार्शल' तिसरीच गोष्ट सांगतो. एका कंपनीचा खटला ज्याच्यापुढे आहे, त्या न्यायाधीशाकडे त्याच कंपनीचे शेअर आहेत असं धरा. तो मन घट्ट करून कंपनीच्या विरुद्धही निकाल देऊ शकेल. म्हणजे तो इम्पार्शल राहिला. पण निकालाने त्याचा खिसा भरणार किंवा रिकामा होणार आहे, म्हणून तो डिसइंटरेस्टेड नाही. आणि त्याने त्या खटल्यातून बाजूला व्हावं अशी मागणी होते ती नेमकी याच कारणासाठी. त्याने पक्षपात केला हे सिद्ध करावं लागत नाही, शेअर आहेत एवढं दाखवलं की पुरतं.