'आयटरेट करा' म्हणजे 'पुनरावृत्ती करा'?

कोरीपाटी
सहावीच्या मुलांना डिझाइन आणि वस्तू बनवणं शिकवते. हाती आलेल्या भाषांतरित कार्यपत्रिकेत क्रम असा आहे : आराखडा काढा, नमुना तयार करा, चाचणी घ्या, पुनरावृत्ती करा. काम होतं कागदाच्या पुलाचं. एका गटाने पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर सपाट कागद आडवा टाकला, वर नाणी ठेवायला घेतली, तर कागद लगेच मधोमध खचला. मग त्यांनी नवा कागद घेतला आणि तस्साच पूल पुन्हा केला, कारण पत्रिकेत पुनरावृत्ती करा म्हटलंय! कडा दुमडल्या, पंख्यासारख्या घड्या घातल्या की तोच कागद कितीतरी जास्त वजन पेलतो. ते त्यांना सापडायला हवं होतं. मूळ शब्द 'आयटरेट'. काय लिहावं?

अनुस्वार
भाषांतर बरोबर आहे. आयटरेटच्या मुळाशी लॅटिन 'इटेरुम' आहे, अर्थ 'पुन्हा'. सुधारणेची छटा इंग्रजीत वापराने चढली. मराठी शब्दावरही चढेल, वापरा.

लंबक
चढली असती, पण तो शब्द आधीच दुसऱ्या कामाला जुंपलाय. लोगो ही मुलांसाठीची संगणकभाषा 1967 ची. तिच्यात नंतर आलेल्या, रेघ ओढत चालणाऱ्या कासवाला 'पुढे जा, 90 अंशांत वळ' हे चार वेळा रिपीट करायला सांगितलं की चौरस निघतो. 2007 मध्ये आलेल्या स्क्रॅच या ठोकळे जोडून सूचना देण्याच्या संगणकभाषेतही रिपीटचा ठोकळा आहे. तिथे पुनरावृत्ती म्हणजे सूचनेत काडीचा फरक न करता तेच पुन्हा. एकाच मुलाने एका तासाला हा अर्थ शिकायचा आणि पुढच्या तासाला उलटा? पुस्तकांच्या बाबतीत आपण पुनर्मुद्रण आणि सुधारित आवृत्ती असा फरक करतोच. 'सुधारित आवृत्ती काढा' म्हणा.

घडीव
'बदलून पाहा' म्हणा. जोडून पाहा, उलटं धरून पाहा : या 'पाहा'मध्येच प्रयोग आलाय. फक्त आधी 'एक गोष्ट' हवं. मुलं कागद, घडी, अंतर सगळं एकदम बदलतात आणि पूल कशामुळे टिकला ते कळतच नाही.

अनुस्वार
ती सूचना झाली, संज्ञा नव्हे. सोपेपणासाठी संज्ञा टाळत गेलो तर मराठीतून हा विषय वरच्या वर्गात शिकवायचा कसा?

वेलबुट्टी
मला तर या सगळ्या प्रकारालाच 'खुडबुड' म्हणावंसं वाटतं. गजराचं घड्याळ उघडून बसले की आजी विचारायची, "काय खुडबुड चाललीये गं?" टिंकरिंगला, म्हणजे वस्तू उघडून, जोडून-तोडून पाहत शिकण्याला, याहून जवळचा शब्द नाही. टिंकर म्हणजे मुळात भांडी सांधत गावोगाव फिरणारा कारागीर. आपल्याकडे भांडं सांधायला डाख देतात. डागडुजीतला 'डाग' हा डाखच असावा, असं मला फार दिवस वाटतंय.

लंबक
खुडबुड उंदीरही करतो. त्यात हेतू नाही. 'खटपट' घ्या.

घडीव
खटपटीला वशिल्याचा वास येतो. आणि हेतू आधी नसतोच. मोटर, बॅटरी, तारा हाताळता हाताळता सुचतो. खुडबुडच बरी.

अनुस्वार
डागडुजीची व्युत्पत्ती 'असावा'वर नको. डागणे हे तापल्या लोखंडाने चटका देणं, डाख हा सांधणारा धातू.

वेलबुट्टी
पण डाख द्यायलाही लोखंड तापवावंच लागतं ना?

कोरीपाटी
तूर्त 'एक गोष्ट बदलून पुन्हा करून पाहा' असं लिहिते. आता 'नमुना' अडलाय. नमुना उत्तरपत्रिकेमुळे मुलांना ते हुबेहूब उतरवायचं उत्तर वाटतं. मूळ शब्द 'प्रोटोटाइप', आणि तो तर मोडायलाच केलेला असतो.

अनुस्वार
आद्यरूप.

घडीव
सहावीत? 'कच्चा नमुना' म्हणा, कच्च्या खर्ड्यासारखा.

लंबक
'प्रोटोटाइप'च राहू द्या. मुलांना मोटर चालते, बॅटरी चालते, मग हाच का नको?

वेलबुट्टी
डाख-डागाचं मी सोडलेलं नाही. भांडी सांधणाऱ्यांना जवळून ऐकलेलं कुणी असेल तर सांगा, ते काय म्हणायचे?