तांबट आळीतले मोबाइल व्हिडिओ: व्ह्यूज येतात, पैसे कसे येतील? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या मामांचं पुण्यात कसबा पेठेत तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांचं काम आहे. बंब, घंगाळं, हंडे, तपेली. मी नोकरी सांभाळून त्यांच्या मठारकामाचे (हातोडीनं ठोकून भांडं घडवायचं काम) आणि कल्हईचे छोटे उभे व्हिडिओ मोबाइलवर काढतो आणि यूट्यूब शॉर्ट्स, इन्स्टा दोन्हीकडे टाकतो. निवेदन नाही, पार्श्वसंगीत नाही, नुसते हातोडीचे ठोके. नवसागर टाकल्यावर भस्सकन धूर होतो आणि बोळ्यानं कथील फिरवलं की भांडं आतून चांदीसारखं लखलखतं; तेवढ्या तुकड्यावर लोक हमखास थांबतात.

यूट्यूबवर हजार सबस्क्रायबर झाले, पण गाडी तिथेच अडली. जाहिरातींचा वाटा हवा तर हजार सबस्क्रायबरांबरोबर वर्षभरात ४००० तासांचं वॉचटाइम किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज लागतात. शॉर्ट्स फीडमध्ये बघितलेले तास त्या ४००० मध्ये धरत नाहीत, म्हणजे आमची सगळी मेहनत भलत्याच खात्यात जमा. ५०० सबस्क्रायबरांची खालची पायरी आहे, पण त्यात मेंबरशिप, सुपर थँक्स (प्रेक्षकांनी खुशीनं दिलेले पैसे) वगैरे मिळतं, जाहिरातीचा वाटा नाही. आणि कल्हई बघून सुपर थँक्स देणारा पुणेकर मला अजून भेटायचाय.

तर विचारायचं असं, की शॉर्ट्स चालू ठेवून लांब व्हिडिओही करावेत का? लोक बघणार मोबाइलवरच, मग ते आडवे काढायचे की उभे? कमेंटमध्ये ‘किंमत?’, ‘पार्सल पाठवता का?’ असं रोज विचारतात, पण मामा आणि एक कारागीर मिळून किती भांडी करणार!

शिवाय एका भांड्यांच्या कंपनीनं तीन रील्सच्या बदल्यात नॉनस्टिक कढई देऊ केलीय. मामा म्हणाले, ‘तांबटाच्या घरी नॉनस्टिक? चुलीत घाल.’ मला मात्र पुढच्या ओळखीसाठी घ्यावीशी वाटते.

अजून एक. ठोका जवळून घेतला की आवाज फाटतो. माइक कुठला घ्यावा?

पेठेतला_प्रेक्षक:
१ कोटीच्या मागे लागू नका. ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंतचा उभा व्हिडिओ शॉर्ट धरतात. त्याहून मोठा उभा असला तरी तो लांब व्हिडिओच. तेव्हा फोन उभाच धरा आणि घंगाळ पत्र्यापासून कल्हईपर्यंत अख्खं दाखवा. वाटाही लांबमध्ये ५५ टक्के, शॉर्ट्समध्ये ४५. संगीत लावत नाही ते उत्तम, नाहीतर शॉर्ट्सच्या पैशात त्याचाही हिस्सा निघतो.

हिशेबी:
वाटा सुरू झाला तरी अ‍ॅडसेन्सवर (गूगलचं जाहिरातींच्या पैशांचं खातं) १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत. तोवर मामांचे दोन हंडे विकले जातील! व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर कॅटलॉग करा. किंमत विचारणाऱ्याला ‘डीएम करा’ सांगू नका, वजनाचा भाव आणि मजुरी तिथेच लिहा. महिन्याला जमतील तेवढीच भांडी आगाऊ पैसे घेऊन नोंदवा, बाकीच्यांना पुढचा महिना सांगा. तीन-चार महिने थांबायची तयारी असलेलंच गिऱ्हाईक हाताच्या कामाला परवडतं.

कढई घेतलीत तर व्हिडिओवर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहावं लागेल. पैसे नाहीत, वस्तू फुकट मिळाली, तरीही. एएससीआयचा (जाहिरातींवर लक्ष ठेवणारी संस्था) २०२१ पासून तसा नियम आहे. मी मामांच्या बाजूनं.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. कढई नको असं कंपनीला कळवलं. मामा आगाऊ पैसे घ्यायला तयार नाहीत, ‘भांडं बघितल्याशिवाय पैसे कसले’ म्हणतात, त्यांना निम्मे पैसे आगाऊ घ्यायला राजी करतोय. या रविवारी घंगाळाचं अख्खं चित्रीकरण आहे. माइकचं कुणी सांगेल का?