मदत हवी आहे: बाबांची आरोग्य विमा योजनाच बंद होतेय

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे. बाबा ७१ वर्षांचे, खाजगी नोकरीतून निवृत्त. चौदा वर्षं एकही हप्ता चुकवला नाही. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, तेवढाच एक मोठा क्लेम. आता कंपनीचं पत्र आलंय: ही योजना बंद, नूतनीकरणाच्या वेळी आमच्याच दुसऱ्या योजनेत या. तिथे हप्ता जास्त आणि प्रत्येक बिलाचा २० टक्के भार आपल्यावर. पत्र वाचल्यापासून बाबा गप्पच आहेत.

एजंट म्हणतो, जुन्या योजनेत नवे तरुण येत नाहीत, असलेले म्हातारे होतात, क्लेम वाढतात, हप्ता वाढवला की धडधाकट लोक आधी सोडून जातात. हे समजतं. पण ज्यांनी तरुणपणी पैसे भरले, त्यांनी आता जायचं कुठे?

जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांची वैयक्तिक योजना मागे घेण्यापूर्वी कंपनीने आयआरडीएआयशी (विमा क्षेत्राची सरकारी नियामक संस्था) सल्लामसलत करणं बंधनकारक आहे. ती झाली का, हे लेखी मागता येतं का? कुणी मागितलंय? दुसऱ्या योजनेत जाताना बाबांच्या मधुमेहाचा प्रतीक्षाकाळ (ज्या काळात त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) पुन्हा सुरू होणार नाही ना? की सरळ दुसऱ्या कंपनीत पोर्ट करावं? अँजिओप्लास्टीनंतर कुणाला घेतलंय का?

गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं सरकारी रुग्णालय) आहेच, गोवा सरकारच्या आरोग्य योजनेचं दीनदयाळ कार्डही आहे. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड, ५ लाखांच्या सरकारी आरोग्य संरक्षणाचं, अजून काढलेलं नाही. गोव्यात कुणी वापरलं असेल तर अनुभव जरूर सांगा. नूतनीकरणाला दोनच महिने उरलेत.