परस्पर गोळी बंद करू नका

वैशाली बी ३०२: काल रात्री ग्रुपवर तो हृदयात छत्री बसवायचा व्हिडिओ आला ना, तो बघून आमच्या बाबांनी आज सकाळची रक्त पातळ करायची गोळीच घेतली नाही. म्हणे आता छत्री बसवू, गोळ्या कशाला. विनवण्या करून शेवटी दुपारी घेतली. असलं टाकताना विचार करत जा

सोनवणे काका: मीच टाकला होता. चांगल्यासाठीच टाकला ताई. माझ्या साडूला मुंबईत बसवली, गोळी सुटली, ठणठणीत आहे

भंगाळे भाऊ: आधी पार्किंगवर पत्र्याची छत्री टाका भो, मे महिन्यात गाडीच्या सीटवर पापड भाजले जाऊ राहिले

वैशाली बी ३०२: भाऊ प्लीज, इथे जिवाचा प्रश्न आहे

महाजन सिस्टर: मी कॅथलॅबला (हृदयात नळी घालून उपचार करतात तिथे) आहे म्हणून सांगते. ठोके अनियमित असले की हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला जी छोटी पिशवी असते तिच्यात रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की लकवा. झडपेचा आजार नसलेल्यांत १० पैकी ९ गुठळ्या तिथल्याच. ही छत्री म्हणजे एक डिव्हाइस, ते त्या पिशवीचं तोंड बंद करतं, जांघेतल्या शिरेतून नेतात, छाती उघडत नाहीत. वॉचमन नावाचं एक डिव्हाइस आहे, अमेरिकेत २०१५ ला मंजूर झालं. पण बसवल्यावरही गोळ्या काही दिवस लागतातच, नेहमीच्या पद्धतीत ४५ दिवस, मग अन्ननलिकेतून सोनोग्राफी करून बघतात, नंतरही सहा महिन्यांपर्यंत दुसऱ्या गोळ्या. आणि ज्यांना रक्तस्रावामुळे कायमची गोळी झेपत नाही मुख्यतः त्यांच्यासाठी आहे ते

सोनवणे काका: म्हणजे शेवटी गोळी सुटते हे खरं ना

महाजन सिस्टर: काका, सुटते तर डॉक्टरांनी सांगितल्यावर. पुष्कळांना अ‍ॅस्पिरिन तर राहतेच. वैशालीच्या बाबांना तर डिव्हाइस बसलेलंच नाही, त्यांनी डोस चुकवले की दिवसभरात संरक्षण कमी होतं

चौधरी काकू: आमच्या यांना पेसमेकर आहे, ते हेच का? ठोके पण सरळ होतात का याने

महाजन सिस्टर: नाही काकू, पेसमेकर वेगळा. याने ठोके तसेच राहतात, फक्त गुठळी अडते

सोनवणे काका: साडू ठणठणीत आहे एवढंच म्हणतो मी

वैशाली बी ३०२: काका, तुमच्या साडूंचं तुम्ही तिसऱ्यांदा सांगताय

सोनवणे काका: दोनदाच. बरं, आता ग्रुपवर काही टाकतच नाही, तुम्हीच चालवा

पाटील सर (सेक्रेटरी): सर्वांनी शांतता ठेवावी ही नम्र विनंती. तसेच लिफ्टचे पैसे ज्यांचे बाकी आहेत त्यांनी आजच द्यावेत

वैशाली बी ३०२: सर बरं झालं विषय काढला. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर १०८ ला फोन करून साडेचार तासाच्या आत गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळायला पाहिजे आणि ते जेवढं लवकर तेवढं चांगलं. बाबांना तिसऱ्या मजल्यावरून खाली कसं आणायचं? लिफ्ट होळीपासून बंद आहे

भंगाळे भाऊ: माझे पैसे पाडव्यालाच दिलेत, पावती अजून नाही भेटली

पाटील सर (सेक्रेटरी): तुमचे नाहीत भाऊ, ए विंगचे पाच जण बाकी आहेत

चौधरी काकू: ए विंगचं नाव नेहमी असंच घेतात

सोनवणे काका: मी ए विंगला. आत्ता पाठवतो. वैशालीताई, वडिलांना म्हणा संध्याकाळची गोळी घ्या, मी स्वतः येऊन सांगतो, माझं ऐकतील ते

वैशाली बी ३०२: या काका. आठला घेतात ते