मदत हवी आहे: ड्रॅगन बॉल झी, शेवटची फाईट गोकू जिंकला की पोरुंगाने (इच्छा पुरवणाऱ्या ड्रॅगनने) जिंकवून दिली?

मंडळी जरा मदत करा, घरात इज्जतीचा प्रश्न झालाय. मावसभाऊ सुट्टीला आलाय, कॉलेजला जायच्या वयाचा, हल्लीचे सगळे अ‍ॅनिमे बघून झालेत त्यामुळे जुन्याला नावं ठेवणं हे त्याचं मुख्य काम. मी कार्टून नेटवर्कवर झी बघून मोठा झालेला माणूस, त्याला कौतुकाने हिरो गोकू आणि शेवटचा व्हिलन किड बू यांची फाईट दाखवली (तुकड्या तुकड्यात, क्लिपा होत्या, पूर्ण भाग नाही) तर म्हणतो दादा यात गोकू जिंकलाच कुठे.

त्याचं म्हणणं असं की सुपर सेयान ३ (गोकूचं सगळ्यात ताकदीचं रूप) होऊन मारामारी केली ती जमली नाही, मग एक मिनिट द्या ताकद जमवतो म्हणाला, तेवढ्यासाठी वेजिटाने (त्याच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याने) मरेस्तोवर मार खाल्ला आणि मिनिट उलटून गेलं तरी ह्याची पॉवर वाढायच्या ऐवजी खालीच. मग ड्रॅगन बॉलकडून (इच्छा पुरवणारे गोळे) बूने उडवलेली पृथ्वी परत आणली, लोकं परत आणली, त्यांच्याकडून उधारीवर एनर्जी घेऊन बॉम्ब केला, आणि तो ढकलताना पण दम गेला तर तिसरी इच्छा वापरून ह्याला परत फुल केला. "हा हिरो नाही, चार्जिंगला लावलेला फोन आहे" असं म्हणालं कार्टं. आई पण हसली, ती तर बघत पण नव्हती.

तर सांगा, सुपर सेयान ३ मध्येच का नाही संपवला बूला? आणि इच्छा शिल्लक होतीच तर सरळ "बू मरू दे" का नाही मागितलं? शिवाय पूर्ण फाईट दाखवायची तर कुठल्या भागापासून लावू, सगळं परत बघायला वेळ नाही.

रात्रपाळी
सुपर सेयान ३ चं उत्तर सोपं आहे पण क्लिपांमध्ये ते कधीच येत नाही. गोकूने तो फॉर्म कमावला मेलेला असताना, परलोकात. पृथ्वीवर एक दिवसासाठी आला तेव्हा बूच्या आधीच्या जाड्या रूपासमोर दाखवला तर त्यातच एवढी एनर्जी गेली की त्याचा उरलेला वेळ कमी झाला आणि लवकर परत जावं लागलं, म्हणजे मेलेल्याला पण तो महागच. नंतर म्हाताऱ्या काईने (एका जुन्या देवाने) स्वतःचा जीव देऊन गोकूला जिवंत केलं. आता जिवंत शरीराला तो फॉर्म किती चटके देतो हे गोकूला स्वतःलाच माहीत नव्हतं, किड बूशी लढताना कळलं. त्याला खरंच वाटत होतं एका मिनिटात होईल, थापा नव्हत्या.

आणि फ्यूजन (गोकू-वेजिटा मिळून एकच फायटर) का नाही हा प्रश्न पण तो विचारणार बघ. त्यासाठी लागणाऱ्या पोटाराच्या बाळ्या दोघांनी मुद्दाम चिरडल्या. पृथ्वी डोळ्यासमोर गेली, गोहान, गोतेन, ट्रंक्स, पिकोलो कोणाला उचलता आलं नाही, आणि हे दोघं दगड-कागद-कात्री खेळून ठरवतात आधी कोण लढणार. मला विचारशील तर गोकूला शिव्या घालायच्याच तर इथे घाल, शेवटाला नाही.

खवचट_काका
"वेजिटाने मरेस्तोवर मार खाल्ला" 😂 अरे तो मेलेलाच होता, डोक्यावर चकती दिसत नाही का. उलट म्हणून ते जास्त भारी आहे. मेलेला परत मेला तर कायमचा पुसला जातो, परलोक पण नाही. हे माहीत असून तो उभा राहिला. भावाला हे सांग आणि त्याचं तोंड बघ.

पिवळी_केसांची_जट
बू मरू दे मागता येत नाही रे. ड्रॅगनला त्याच्या कुवतीबाहेरचं जमत नाही, गोकूचा मित्र क्रिलिनने १७ आणि १८ नंबरच्या अँड्रॉइडना माणूस कर म्हटलं होतं तेव्हा शेनरॉनने (पृथ्वीच्या ड्रॅगनने) सरळ नाही सांगितलं होतं, आणि बू तर कुठल्या कुठे. पोरुंगाचं बळ जास्त असलं तरी तीच गोष्ट.

आता मुख्य मुद्दा. हा सगळा प्लॅन गोकूचा नाहीच, वेजिटाचा आहे. ज्याने आल्या आल्या पृथ्वी साफ करायचा बेत केला होता तो पृथ्वीवरच्या लोकांना हात वर करा म्हणून विनवतोय, आणि कोणी ढुंकून बघत नाही कारण आवाज कुठून येतोय काय माहीत, वर बोलायची पद्धत अशी की कोणीही हात खालीच ठेवेल. मग लोकांचा लाडका फायटर मिस्टर सेटन (आपल्या इंग्लिश डबमध्ये हर्क्युल) ओरडतो आणि अख्खं जग हात वर करतं. आयुष्यभर सेलला (आधीच्या व्हिलनला) मी मारला म्हणून फेकत आला, ती थाप शेवटी कामाला आली! बॉम्ब तयार झाल्यावर सुद्धा गोकूला फेकता येत नाही कारण वेजिटा खाली पडलाय आणि मधेच आहे, तर तोच सेटन त्याला उचलून धावत सुटतो. हा सीन क्लिपमध्ये कापलेला असतो, नक्की दाखव.

तर भाऊ म्हणतो ते अर्धं बरोबर आहे, गोकू एकटा जिंकत नाही. पण त्यासाठीच तर लिहिलंय ते.

धागाकर्ता
भारी. सेटनचं त्याला सांगितलं तर म्हणे बरं मग हिरो सेटन. आता काय बोलायचं. भाग क्रमांक सांगा ना कोणीतरी.

रात्रपाळी
२७७ च्या आसपास लाव, तिथे पृथ्वी जाते. २८० मध्ये वेजिटा मनातल्या मनात गोकूला एक नंबर मानतो, तो पळवू नकोस. बॉम्ब २८६ ला पडतो. हे मूळ जपानी २९१ भागांचे नंबर आहेत हां, जुन्या इंग्लिश डबमध्ये सुरुवातीचे ६७ भाग कापून ५३ केले होते त्यामुळे काही ठिकाणी नंबर मागे दिसेल. घाई असेल तर ड्रॅगन बॉल झी काई (याचीच छाटलेली आवृत्ती) बघ, भरताड कमी आहे, पण मला विचारशील तर या फाईटला भरताडच हवं.

खवचट_काका
आणि २८६ ला थांबू नका. गोकू मारता मारता म्हणतो चांगला माणूस होऊन परत ये, एकट्याने लढू आपण. शेवटच्या दोन भागात तो खरंच येतो, ऊब नावाचं पोरगं. गोकू घरदार सोडून त्याला ट्रेनिंग द्यायला निघून जातो, बायको बोंबलतेय मागे.

धागाकर्ता
शनिवारी रात्री २७७ पासून लावतो. आईने पण विचारलंय किती वाजता.