एकवीस दिवसांत मेंदूची सवय खरोखर बदलते का?

प्रश्न (जिज्ञासू)
आमच्या कार्यालयात मध्यंतरी एका प्रशिक्षकांचे व्याख्यान झाले. रोज सकाळी स्वतःविषयी चांगले विचार लिहिले, तर एकवीस दिवसांत मेंदूत नवी वाट तयार होते आणि सुप्त क्षमता जागी होते, असे त्यांनी सांगितले. कोणताही अहवाल लिहायला घेतला की ‘हे आपल्याला जमणार नाही’ असे मनात येते आणि हात आपोआप मोबाइलकडे जातो, ही माझी जुनी खोड. एकवीस दिवस वही नेटाने भरली. बाविसाव्या दिवशी पुन्हा तेच. चुकले कुठे?

उत्तर (पाटीपेन्सिल)
एकवीसचा आकडा मेंदूविज्ञानातला नाहीच. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० च्या आपल्या पुस्तकात, बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असे लिहिले होते. पुढे सांगोवांगीत ‘किमान’ गळून पडले. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या, २०१० मध्ये छापलेल्या अभ्यासात नवी सवय आपोआप घडू लागण्याचा काळ १८ ते २५४ दिवस निघाला, मध्यक ६६. (अभ्यास मुळात बारा आठवड्यांचा, तेव्हा वरचे टोक गणिताने काढलेले आहे.) त्यातही सवयी होत्या जेवताना फळ खाण्यासारख्या साध्या. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसे बिघडत नाही, असे त्यात दिसले.

उत्तर (सावकाश)
वर दिलेले बरोबरच आहे, पण दिवस मोजण्यापेक्षा खूण, म्हणजे ज्या जागी किंवा प्रसंगी सवय सुरू होते ती, शोधणे महत्त्वाचे. एकाच परिस्थितीत एकच कृती वारंवार केली की तिचा ताबा हळूहळू मेंदूच्या खोल भागातील स्ट्रायटमकडे जातो आणि ती विचार न करता घडू लागते. जुनी वाट पुसली जात नाही, तिच्यावर दुसरी चढवावी लागते. म्हणून ती जुन्या जागी पुन्हा डोके वर काढते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या ‘जर-तर’ संकल्पाचा मला उपयोग झाला: ‘जमणार नाही असे वाटले, तर आधी फक्त तारीख आणि विषय लिहीन.’ सुप्त क्षमतेचे मला ठाऊक नाही, पण कागद कोरा राहत नाही. आपण वही कुठे बसून भरत होता?

जिज्ञासू
अंथरुणात, चहा येईपर्यंत. अहवाल लिहितो ते टेबल दुसऱ्या खोलीत आहे आणि मोबाइलचा चार्जर त्याच टेबलावर लावलेला असतो. चार्जर आज स्वयंपाकघरात हलवला आहे.