मदत हवी आहे : जोरदार फटके मारणाऱ्या खेळाडूला महिला टेनिसमध्ये कसं रोखतात?

नाशिककर_आई

नमस्कार मंडळी,

माझी लेक पंधरा वर्षांची आहे, उंची पाच फूट दोन इंच. सहा वर्षं झाली टेनिस खेळते. सोळा वर्षांखालच्या स्पर्धांसाठी आम्ही दोघी पुणे, मुंबई, सोलापूर अशा फिरत असतो. गेल्या तिन्ही स्पर्धांत ती अगदी एकाच पद्धतीने हरली. समोर उंच, दणादण मारणारी मुलगी. माझी लेक चेंडूपर्यंत पोचते, पण तिला रॅकेट फिरवायला वेळच मिळत नाही. शेवटच्या सामन्याचं चित्रीकरण मी कुंपणाच्या जाळीतून मोबाइलवर केलं होतं. घरी येऊन हळू करून पाहिलं, तर बॅकहँडच्या वेळी चेंडू तिच्या कमरेच्या मागे गेल्यावर रॅकेटला लागत होता आणि सगळं वजन मागच्या टाचेवर होतं. त्या क्षणाला थांबवलेलं चित्र मी कितीदा तरी बघितलं.

तिचे सर म्हणतात, आजचं टेनिस ताकदीचं आहे, तिलाही तसंच मारता आलं पाहिजे. सरांबद्दल आदर आहे आणि त्यांनी तिच्यावर खूप मेहनत घेतली आहे. पण हे मला पटत नाही. जी ताकद समोरचीकडे जास्त आहे, तीच कमी घेऊन तिच्याशी लढायचं, त्यात आपली हार ठरलेलीच नाही का?

म्हणून दीड महिना रोज रात्री मी व्यावसायिक महिला खेळाडूंचे जुने सामने बघते आहे. मुद्दाम असे निवडले, ज्यांत जोरदार मारणारी हरली.

२०१५ च्या यूएस ओपनची उपांत्य फेरी आधी पाहिली. सेरेना विल्यम्स त्या वर्षी चारही ग्रँड स्लॅम जिंकण्यापासून दोन सामने दूर होती आणि समोर क्रमवारीत ४३ वी असलेली इटलीची रॉबेर्ता विंची. पहिला सेट सेरेनाने ६-२ असा घेतला. पुढचे दोन्ही विंचीने ६-४, ६-४ असे जिंकले. तिचा एका हाताचा बॅकहँड स्लाइस (चेंडूला खालून कापत उलटी फिरकी देणारा फटका) टप्पा पडल्यावर जमिनीलगत सरपटत जायचा. सेरेनाला दर वेळी गुडघ्यात वाकून तो वर उचलावा लागत होता आणि उचललेल्या चेंडूत तिचा नेहमीचा दणका नव्हता.

मग २०१९ चा विम्बल्डन अंतिम सामना. सिमोना हालेपने सेरेनाला ६-२, ६-२ असं ५६ मिनिटांत हरवलं. अख्ख्या सामन्यात हालेपच्या टाळता येण्याजोग्या चुका फक्त तीन! हालेप पाच फूट सहा इंच. हा सामना लेकीला शेजारी बसवून दाखवला.

जोरदार मारणारी बेलारूसची आर्यना सबालेन्का आणि अमेरिकेची कोको गॉफ यांचे दोन अंतिम सामनेही पाहिले, २०२३ चं यूएस ओपन (२-६, ६-३, ६-२) आणि २०२५ चं फ्रेंच ओपन (६-७, ६-२, ६-४). दोन्ही गॉफने जिंकले. पहिल्यात सबालेन्काच्या टाळता येण्याजोग्या चुका ४६ होत्या, दुसऱ्यात ७०. पॅरिसला त्या दिवशी वारं खूप होतं हे खरं, पण गॉफही त्याच वाऱ्यात खेळत होती. तिने चेंडू परत टाकणं सोडलं नाही, एवढंच मला दिसलं.

यात एक गोष्ट सारखी खटकत राहिली, खरं तर तीच विचारायला धागा काढला. विंची, गॉफ (दोन्ही वेळा), २०२३ च्या विम्बल्डन उपांत्य फेरीत सबालेन्काला हरवणारी ऑन्स जाबर, २०२५ ला इंडियन वेल्सच्या अंतिम फेरीत तिलाच हरवणारी सतरा वर्षांची मिरा आंद्रेयेवा, या सगळ्यांनी पहिला सेट गमावला होता. हालेपसारखा अपवाद वगळला तर जोरदार मारणारीला हरवण्याची सुरुवात बहुतेक वेळा पहिला सेट हरण्यापासून होते की काय? आणि माझी लेक पहिला सेट २-६ झाला की मनातून सामना सोडून देते. दुसऱ्या सेटमध्ये ती पण मारायला जाते आणि चेंडू मागच्या कुंपणावर.

जाणकारांनी कृपया सांगावं. इतका वेगवान चेंडू परत टाकताना नेमकं काय बदलायचं? स्लाइस आत्ता, या वयात शिकवावा का? आणि पहिला सेट गेल्यावर या खेळाडू नेमकं काय वेगळं करतात, की फक्त समोरची दमते?

लालमाती

ताई, मी राज्य पातळीपर्यंत खेळलोय, आता पुण्यात मुलांना शिकवतो. तुमचं निरीक्षण चांगलं आहे. 'कमरेच्या मागे' हे तुम्ही पकडलंत तिथूनच सुरुवात करू.

बहुतेक पालक हात बघतात. आधी पाय बघा. समोरचीची रॅकेट चेंडूला लागते त्या क्षणी तुमच्या लेकीचे दोन्ही पाय जमिनीवर टेकत असले पाहिजेत, लहानशी उडी मारून. त्याला स्प्लिट स्टेप म्हणतात. ही उडी उशिरा पडली की पुढचं सगळं उशिरा होतं, मग रॅकेट मागे न्यायला वेळ मिळत नाही असं वाटतं. तुमच्याकडचं चित्रीकरण पुन्हा लावा आणि फक्त पाय बघा. मला जवळपास खात्री आहे की ती सपाट उभी असेल.

दुसरं, रॅकेट मागे न्यायची गरजच कमी करायची. वेग समोरचीने दिलेलाच आहे. खांदे वळवले की रॅकेट आपोआप जेवढी मागे जाते तेवढी पुरे, पुढे फक्त मनगट घट्ट आणि चेंडू शरीराच्या पुढे घ्यायचा. जर्मनीच्या अँजेलिक केर्बरला बघा. २०१६ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत तिने सेरेनाला ६-४, ३-६, ६-४ हरवलं. बेसलाइनवरच (कोर्टच्या मागच्या रेषेवर) जवळजवळ गुडघे टेकवून ती सेरेनाचाच वेग वळवून सरळ रेषेत परत पाठवायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं. परतीचा फटका मधोमध आणि खोल. मुलांना हे आवडत नाही, त्यांना कडेला मारायचं असतं. पण विचार करा, तुम्ही चेंडू कोपऱ्यात टाकलात तर मारणारीला तिथून दोन्ही बाजूंचा कोन मिळतो. मधोमध तिच्या पायाशी टाकलात तर कोन तिला स्वतः तयार करावा लागतो आणि लांब हातांच्या मुलीला अंगावरचा चेंडू अडचणीचा असतो, हात मोकळा होत नाही. मी बेसलाइनच्या आत चार फुटांवर, मधोमध, चेंडूंचे रिकामे डबे मांडतो आणि मुलांना सर्व्हिस परत करून डबे पाडायला लावतो. तीन आठवड्यांत फरक दिसतो.

रॅलीत, म्हणजे फटक्यांच्या लांब देवाणघेवाणीत, अडकली की तिरका फटका. जाळी मधोमध तीन फूट आणि खांबांपाशी साडेतीन फूट असते, शिवाय तिरकं मारताना कोर्टही जवळपास दीड मीटर जास्त लांब मिळतं. संकटात सरळ रेषेत मारायला जाणं म्हणजे उंच जाळीवरून आखूड कोर्टात मारणं.

तुम्ही तिच्या सर्व्हिसबद्दल काहीच लिहिलं नाहीये. तिथे गुण जातात का, मोजलंय का कधी?

चर्चगेट_लोकल

सबालेन्काचं नाव वाचून राहवलं नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सीसीआयच्या (क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या) कोर्टवर मुंबई ओपन झाली होती, डब्ल्यूटीए १२५ दर्जाची, म्हणजे महिला टेनिसच्या मुख्य मालिकेच्या खालच्या पातळीची. एकोणीस वर्षांची सबालेन्का ती जिंकून गेली. मी तेव्हा ऑफिसातून सुटून बघायला जायचो. टीव्हीवर तो आवाज कळत नाही. कोर्टच्या कडेला बसलं की चेंडू रॅकेटला लागल्याचा आवाज छातीत जाणवतो, आणि समोरची खेळाडू नकळत एक पाऊल मागे सरकते. प्रत्येक गेमला थोडी थोडी मागे. लेकीला सांगा, भीती वाटणं चूक नाही, पण आपण कुठे उभे आहोत याकडे लक्ष ठेव.

स्लाइसबद्दल माझं मत ठाम 'हो'. अॅश बार्टीची उंची पाच फूट पाच. २०२२ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला उपांत्य फेरीत तिने मॅडिसन कीजला ६-१, ६-३ असं गुंडाळलं आणि अंतिम फेरीत डॅनिएल कॉलिन्सला. दोघीही सपाट, जोरात मारणाऱ्या. अशा खेळाडूंना चेंडू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर हवा असतो. स्लाइस तो घोट्यापाशी देतो, आणि वेगही देत नाही. तुमच्याच वेगावर खेळणारीला स्वतः वेग तयार करायला लावलं की चुका यायला लागतात.

जाबर आणि चेक खेळाडू कॅरोलिना मुचोवा यांचेही सामने लेकीला दाखवा. जाबरने २०२३ च्या विम्बल्डनला उपांत्यपूर्व फेरीत जोरदार मारणाऱ्या एलेना रिबाकिनाला आणि उपांत्य फेरीत सबालेन्काला हरवलं, दोन्ही वेळा पहिला सेट टायब्रेकमध्ये (६-६ नंतरच्या निर्णायक गेममध्ये) गमावून. त्याच वर्षीच्या फ्रेंच ओपनला मुचोवा सबालेन्काविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये २-५ मागे होती, मॅच पॉइंट (गेला असता तर सामनाच संपणारा गुण) वाचवला आणि सलग पाच गेम घेतले. तिने पहिला सेट मात्र जिंकला होता, म्हणजे तुमच्या नियमाला हा अपवाद.

आणि त्या नियमाबद्दल एक सांगतो. पहिला सेट गमावून हरलेल्या कितीतरी जणी आहेत, त्यांचे सामने तुम्ही बघितले नाहीत, कारण तुम्ही निवडलेच हरवणाऱ्यांचे. शिवाय ताकदीला ताकदीने उत्तर देऊनही जिंकतात. २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला कीजने सबालेन्काला तसंच हरवलं, ६-३, २-६, ७-५. म्हणजे तुमच्या सरांचं म्हणणं अगदीच निराधार नाही.

नाशिककर_आई

दोघांचेही मनापासून आभार. लालमाती दादा, काल रात्री पुन्हा चित्रीकरण बघितलं. तुम्ही म्हणता तसंच आहे, ती सपाट उभी आहे. समोरचीने मारल्यावर टाच उचलते.

सर्व्हिसचे गुण वहीत होते, कधी वेगळे काढले नव्हते. दुसऱ्या सर्व्हिसवर (पहिली चुकल्यावर मिळते ती) १९ गुण खेळली, त्यातले १४ गेले. बहुतेक एकाच फटक्यात. मी इतके दिवस रॅलीकडे बघत होते आणि निम्मा सामना तिथेच गेला होता.

चर्चगेट_लोकल, तुमचं बरोबर आहे, मी जिंकलेलेच सामने निवडले. तरीही पहिला सेट गमावूनही सामना शिल्लक असतो, एवढं तिला त्यातून दिसलं तरी मला पुरेसं आहे. २०२५ च्या फ्रेंच ओपनला पोलंडची इगा श्वियाँतेक रिबाकिनाविरुद्ध पहिला सेट १-६ हरली होती आणि नंतर ६-३, ७-५ जिंकली, ते काल आम्ही दोघींनी बघितलं. पहिल्या सेटनंतर लेक म्हणाली, "आई, ही तर माझ्यासारखीच हरतेय." मग सामना संपेपर्यंत ती जागची हलली नाही.

आता एकच विचारायचं आहे. पुढची स्पर्धा पाच आठवड्यांवर आहे. एवढ्या वेळात यातलं काय आधी घ्यावं? आणि सरांना न दुखावता हे कसं सांगावं?

लालमाती

ताई, १९ पैकी १४ म्हणजे उत्तर तुमच्या वहीतच आहे. पाच आठवड्यांत आधी सर्व्हिस. पहिली सर्व्हिस वेगाने मारू नये, तीन-चतुर्थांश ताकदीने, थोडा टॉपस्पिन (पुढच्या दिशेची फिरकी) घालून, पण आत पडली पाहिजे. दुसरी सर्व्हिस समोरचीच्या अंगावर टाकायची. फोरहँड की बॅकहँड हे तिला शेवटच्या क्षणी ठरवावं लागेल, मोकळा फटका मिळणार नाही.

त्याबरोबर स्प्लिट स्टेप आणि मधोमध परतीचा फटका. स्लाइसचा सराव रोज पंधरा मिनिटं सुरू करा, पण या स्पर्धेत त्यावर सामना सोपवू नका. कच्चा स्लाइस उंच तरंगतो आणि जोरदार मारणारीला तेच हवं असतं. ड्रॉप शॉटही (जाळीजवळ हळूच टाकलेला चेंडू) आत्ता नको. तो समोरची बेसलाइनच्या मागे गेल्यावर चालतो, आणि तिला मागे ढकलणारा खोल चेंडू आधी यायला हवा.

पहिल्या सेटनंतर काय बदलतात, हे विचारलं होतंत. बहुतेक वेळा एकच गोष्ट बदलतात, सर्व्हिस परत करताना उभं राहण्याची जागा. पहिल्या सर्व्हिसला दोन पावलं मागे आणि दुसरीला एक पाऊल आत. मारणारीला दर वेळी वेगळ्या उंचीवर, वेगळ्या वेळी चेंडू परत मिळतो आणि तिची लय मोडते. तुमच्या लेकीला सेट संपल्यावर खुर्चीत बसून एवढंच ठरवायला सांगा, 'आता कुठे उभी राहू?' हातात काहीतरी करण्यासारखं असलं की मूल सामना सोडत नाही.

सरांकडे वही घेऊन जा. मत सांगू नका, १९ आणि १४ हे आकडे दाखवा आणि चित्रीकरणातला तो टाचेचा क्षण. कुठलाही शिकवणारा माणूस ते बघून पुढचं स्वतःच बोलायला लागतो. ताकदही वाढू द्या, त्यात वाईट काही नाही. इटलीची जास्मिन पाओलिनी पाच फूट चार इंच आहे आणि २०२४ मध्ये फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन दोन्हींच्या अंतिम फेरीत गेली, फोरहँड तर उडी मारून मारते. तिचे पाय मात्र नीट बघा. चेंडू यायच्या आधी ती तिथे पोचलेली असते.

रॅकेटला गट (जाळीची तार) किती पाउंडच्या ताणावर घातलंय आणि कुठलं, ते कळवा. अगदी सैल असेल तर ब्लॉक केलेले (रॅकेट न फिरवता नुसते अडवून परत टाकलेले) चेंडू लांब जातील. पुढच्या रविवारी मी नाशिकला एका स्पर्धेसाठी येतोय. सकाळी सातच्या आत कोर्ट मोकळं मिळालं तर तिला डबे पाडायला लावू.